कार्टूनमधली माणसं कशी बदलतात?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या लहानपणी घरात ‘चांदोबा’ यायचा. विकत घ्यायची ऐपत नव्हती. वडील शिंपी. त्यांच्याकडं कपडे शिवायला येणारे एक गुरुजी वाचून झालेला अंक दुकानात ठेवून जायचे. अंक हातात पडला की मी आधी विक्रम आणि वेताळाची गोष्ट काढायचो. राजा प्रेत खांद्यावर टाकून निघणार, प्रेतातला वेताळ त्याला गोष्ट सांगणार, शेवटी प्रश्न विचारणार, राजा उत्तर देणार, त्याचं मौन मोडणार आणि वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळणार. दर महिन्याला हेच. एकदा वैतागून मी अम्मीला विचारलं, ‘‘या राजाला अक्कल कधी येणार?’’ अम्मी चुलीपुढं भाकरी थापत होती. म्हणाली, ‘‘त्याला अक्कल आली तर पुढच्या महिन्यात पुस्तक कसं निघेल?’’

पुढं मी मराठी घेऊन बी.ए. झालो. कथानक, स्वभावरेखन, संघर्ष, उत्कर्षबिंदू हे सगळं पाठ केलं. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकारानं १९२७ साली पात्रांचे सपाट आणि गोल असे दोन प्रकार सांगितले, तेही परीक्षेत लिहून आलो. अम्मीचं उत्तर मात्र कुठल्याच पुस्तकात भेटलं नाही. गोष्टीतला माणूस बदलतो की तसाच राहतो, हे लेखकाच्या मर्जीइतकंच ती गोष्ट लोकांपर्यंत कशी पोचते यावर ठरतं, असं तिला म्हणायचं होतं. मला ते पटायला कार्टून, जपानी चित्रकथा आणि व्हिडिओ गेम यांच्या वाटेनं जावं लागलं, तेही पन्नाशी ओलांडल्यावर.

नाद माझा नव्हे, धाकट्या मुलाचा. तो यंदा बारावीला आहे. रात्री अकरा वाजता त्याच्या खोलीतून तलवारींचा खणखणाट आणि जपानी आरडाओरडा ऐकू यायचा. मी दारात उभा राहून ठरलेलं वाक्य टाकायचो, ‘‘अरे, जरा काही चांगलं वाच.’’ एकदा त्यानं मान वर केली आणि शांतपणे विचारलं, ‘‘अब्बा, तुमची कविता न वाचताच कुणी वाईट म्हटली तर तुम्हाला चालतं का?’’ चालत नाही. मग काय, बसलो त्याच्या शेजारी. त्याला आता दोन वर्षं होतील.

सुरुवात मी माझ्या ओळखीच्या माणसांपासून केली. टॉम आणि जेरी १९४० पासून एकमेकांच्या मागं धावताहेत. त्यांच्यानंतर १९४९ साली आला रोड रनर. चक जोन्स हा दिग्दर्शक आणि मायकेल माल्टीज हा लेखक, या दोघांची ती करणी. वाळवंट, एक रस्ता, त्यावरून सुसाट पळणारा पक्षी आणि त्याला पकडायला टपलेला, हाडं वर आलेला कोयोटी, म्हणजे तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी. जोन्सनं या खेळाचे नियम सांगून ठेवले आहेत. पक्षी कोयोटीला इजा करणार नाही. कोयोटीला लागेल ते स्वतःच्या आततायीपणामुळं किंवा ‘अ‍ॅक्मी’ कंपनीचा माल दगा देतो म्हणून. पक्षी रस्ता सोडणार नाही. आणि कोयोटीनं मनात आणलं तर तो हे सगळं कुठल्याही क्षणी थांबवू शकतो. हा शेवटचा नियम मला फार आवडतो. त्याला कुणी बांधून ठेवलेलं नाही. तो थांबत नाही, एवढाच त्याचा स्वभाव.

तो कड्यावरून पुढं धावत जातो, अधांतरी थांबतो, खाली बघतो, मग आपल्याकडं बघतो आणि त्यानंतर पडतो. पडण्याआधी तो जे आपल्याकडं बघतो ना, तिथं त्या प्राण्याचं सगळं आयुष्य येतं. आपण मूर्ख आहोत हे त्याला ठाऊक आहे. उद्या पुन्हा हेच करणार आहोत हेही ठाऊक आहे. एकही शब्द न बोलता हे सांगणं सोपं नाही. मी वर्षानुवर्षं कविता लिहितो, म्हणून सांगतो.

पण तो बदलणार नाही, कारण त्याला बदलायला जागाच नाही. ही कार्टूनं मुळात चित्रपटगृहात मोठ्या सिनेमाच्या आधी दाखवायची सहा-सात मिनिटांची पट्टी. मागची कुणी पाहिली असेल याचा भरवसा नाही. पुढं टीव्हीवर आली तेव्हाही कुठला भाग कधी लागेल याचा नेम नसे. सोमवारी पाहुणे आले म्हणून भाग चुकलेल्या पोराला मंगळवारी कोड्यात पडायला नको. म्हणून सात मिनिटं संपली की वेताळ झाडावर. आपल्याकडच्या घराघरांत लाडका असलेला डोरेमॉन १९६९च्या अखेरीस जपानी मासिकांत आला, आणि त्यातला नोबिता आजही प्राथमिक शाळेतच नापास होतो आहे. तो पास होऊन नोकरीला लागला तर दुःख मुलांपेक्षा आयांनाच जास्त होईल.

मग हा साचा मोडला कुणी? अनेकांनी मोडला, पण मी बसलो होतो ते एका अमेरिकन मालिकेसमोर. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’. मायकेल डान्टे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झको या दोघांनी ती उभी केली. २००५ ते २००८ या काळात तिचे ६१ भाग आले आणि ते क्रमानंच बघावे लागतात. मुलांची मालिका आहे, नायक बारा वर्षांचा आहे, पण तिच्यातला मोठा माणूस म्हणाल तर तो खलनायकाच्या बाजूचा राजपुत्र झुको.

झुकोची कथा अशी. तेराव्या वर्षी तो युद्धाच्या बैठकीत बसतो. एक सेनापती नव्या कोऱ्या शिपायांना मुद्दाम मरायला पुढं पाठवायची योजना मांडतो. झुको विरोध करतो. त्याबद्दल त्याला द्वंद्वाला उभं राहावं लागतं, आणि समोर बघतो तो त्याचा बापच. तो लढायला नकार देतो, गुडघ्यांवर बसतो. बाप त्याचा चेहरा जाळतो आणि हद्दपार करतो. परत यायचं असेल तर ‘अवतार’ला पकडून आण. अवतार तर शंभर वर्षांत कुणाला दिसलेला नाही. म्हणजे बापानं त्याला कोयोटी करून सोडलं.

त्याच्याबरोबर स्वखुशीनं जातो त्याचा काका, आयरो. हा राजाचा थोरला भाऊ, एके काळचा नामांकित सेनापती. एका शहराला त्यानं ६०० दिवस वेढा घातला होता, त्यात त्याचा एकुलता एक मुलगा गेला, वेढा उठवला, आणि घरी गादी धाकट्या भावाच्या हाती गेली. आता हा म्हातारा चहा पितो, थट्टा करतो आणि पुतण्याच्या संतापाला छत्रीसारखा सोबत असतो. आपल्या मराठी मनात काका-पुतण्या म्हटलं की शनिवारवाडा उभा राहतो, १७७३ सालचा, आणि नारायणरावाची ती हाक. ते सोडलं तर राजकारणातले काका-पुतणे आठवतात. तेव्हा पुतण्याला वाचवणारा काका बघायला मिळाला याचंच मला अप्रूप वाटलं.

आता कथानकाचं कसब कुठं आहे ते बघा. दुसऱ्या पर्वात काका-पुतण्या निर्वासित होऊन त्याच जुन्या वेढ्याच्या शहरात येतात आणि चहाचं दुकान काढतात. झुको निवळत जातो. शेंडी कापलेली असते, केस वाढत असतात. प्रेक्षकाची खात्री पटते की आता हा सुधारला. आणि पर्वाच्या शेवटच्या भागात, २००६ साली, निवड करायची वेळ येते तेव्हा तो काकाच्या विरुद्ध जाऊन बहिणीला मिळतो. काका तुरुंगात जातो. झुकोला हवं होतं ते सगळं मिळतं, घर, मान, बापाची शाबासकी. पुढचे कित्येक भाग तो राजवाड्यात चिडचिडा होऊन फिरतो. काकाला भेटायला तुरुंगात जातो तेव्हा काका पाठ फिरवून बसतो, एक शब्द बोलत नाही.

हे मागं जाणं नसतं तर पुढचं सगळं लटकं वाटलं असतं. आपल्याकडच्या किती गोष्टींत खलनायकाला शेवटच्या पाच मिनिटांत पश्चात्ताप होतो आणि तो देवाच्या पाया पडतो! माणूस अशा सरळ रेषेत सुधारत नाही. एकदा चांगला वागतो, मग घाबरून जुन्या जागी पळतो, आणि ती जागा आता आपल्याला पुरत नाही हे तिथं गेल्यावरच त्याला कळतं. हे दाखवायला वेळ लागतो. सात मिनिटांत होत नाही, तीन तासांच्या सिनेमातही घाईच होते. ६१ भाग क्रमानं बघणारा प्रेक्षक मिळाला म्हणून हे जमलं.

शेवटी २००८ सालच्या एका भागात झुको काकाची माफी मागायला जातो. तंबूत काका घोरत असतो. हा रात्रभर बाजूला बसून राहतो. सकाळी काका उठतो, झुको पाठ केलेलं बोलायला लागतो, आणि ते पुरं व्हायच्या आत काका त्याला ओढून मिठीत घेतो. रागावलो कधीच नव्हतो, तू वाट चुकलास म्हणून वाईट वाटत होतं, अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो.

इथं मला स्वतःबद्दल थोडं सांगावं लागेल. वडील गेले त्याला दहा वर्षं झाली. चाळीसाव्याच्या दिवशी, जेवणं व्हायची होती तेव्हा, दुकानाच्या हिशेबावरून मी थोरल्या भावाला पाहुण्यांदेखत नको ते बोललो. शब्दांचा माणूस ना मी, त्यामुळं लागेल असंच बोललो. हिशेब बरोबर होता. ते मला सहा महिन्यांनी कळलं. कळल्यावरही गेलो नाही. भाऊ आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडं राहतो. तो भाग संपला तेव्हा धाकट्यानं माझ्याकडं न बघता रिमोट खाली ठेवला. त्याला सातव्या वर्षापर्यंत सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचे ते त्याचे बडे अब्बाच. एवढंच म्हणाला, ‘‘बडे अब्बांचं दुकान अजून तिथंच आहे.’’ मी पाणी प्यायला उठलो.

मग मांगा. जपानी चित्रकथेला हे नाव आहे. तिची पुस्तकं उजवीकडून डावीकडं वाचतात. धाकटा मला शिकवायला बसला, पण मला त्याचं काही वाटलं नाही. लहानपणी मौलवीसाहेबांसमोर अरबी कायदा गिरवलेल्या माणसाला उजवीकडून सुरुवात करणं नवं नाही. घरात पहिल्यांदाच मी त्याच्या पुढं होतो.

मांगा बहुधा आधी साप्ताहिकात किंवा मासिकात क्रमशः येतं, मग त्याचे खंड निघतात. ‘शोनेन जंप’ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं साप्ताहिक. १९९५च्या सुमाराला त्याचा खप ६५ लाखांवर गेला होता. प्रत्येक अंकात वाचकांसाठी एक पोस्टकार्ड असायचं. कुठल्या तीन गोष्टी आवडल्या ते लिहून पाठवायचं. ज्या कथेला कार्डं येत नाहीत ती काही आठवड्यांत बंद. मला हे कळलं तेव्हा शहरजाद आठवली. आज गोष्ट रंगली नाही तर सकाळी मान जायची. तिथं सुलतान एक होता, इथं लाखो पोरं.

अकिरा तोरियामा यांचं ‘ड्रॅगन बॉल’ १९८४ ते १९९५ असं त्या साप्ताहिकात चाललं, ४२ खंड झाले. तोरियामा २०२४ साली वारले. त्यांच्या नायकाचं नाव सोन गोकू, म्हणजे चिनी ‘पश्चिमेची यात्रा’ या कादंबरीतल्या वानराच्या नावाचाच जपानी उच्चार. त्या कादंबरीतला भिक्षू म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातला ह्युएन त्संग! सातव्या शतकात तो महाराष्ट्रात येऊन गेला, पुलकेशीबद्दल लिहून गेला, आणि इथले लोक उपकार विसरत नाहीत व अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत असंही नोंदवून गेला. पहिली गोष्ट आपण भाषणांत सांगतो, दुसरी भाऊबंदकीत पाळतो.

तोरियामा सगळं आधी ठरवून लिहीत नसत. सुरुवातीला वाचकांचा प्रतिसाद घसरला, तेव्हा संपादकांशी बोलून कुस्तीच्या आखाड्यासारख्या स्पर्धा कथेत आणल्या. पुढं एकदा नवे खलनायक संपादकांना पसंत पडले नाहीत, तर आणखी नवे आणले. अशा ओढाताणीत पात्रं वाढली. त्यातला वेजीटा हा गर्विष्ठ शत्रू आधी गोकूला मारायला येतो, मग नाइलाजानं बरोबर लढतो, मग त्याला बायको होते, मूल होतं आणि तरी गर्व सुटत नाही. गोकू आपल्यापेक्षा श्रेष्ठ आहे, हे तो मनातल्या मनात कबूल करतो तेव्हा कथा संपायला आलेली असते. गोकू स्वतः फारसा बदलत नाही. बदलतात ते त्याला भेटलेले शत्रू. पोरं दर आठवड्याला पाच-सहा वर्षं वेजीटाला बघत होती. ती पाचवीतून दहावीत गेली, तोवर तोही थोडा शहाणा झाला.

मला मात्र खरं घेरलं ते ‘फुलमेटल अल्केमिस्ट’नं. हिरोमु अराकावा या बाईंनी ते २००१ ते २०१० या काळात एका मासिकात लिहिलं आणि चितारलं. २७ खंड. बाई होक्काइदोच्या, दुधाच्या धंद्यातल्या शेतकरी घरातल्या, आणि स्वतःचं चित्र काढायचं तर गाय काढतात! एडवर्ड आणि अल्फॉन्स हे दोन भाऊ मेलेल्या आईला किमयेनं परत आणायला जातात. त्या किमयेचा नियम असा की काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं द्यावं लागतं. थोरल्याचा पाय जातो, धाकट्याचं सगळं शरीर जातं. मग थोरला आपला हात देऊन धाकट्याचा जीव एका लोखंडी चिलखतात अडकवून ठेवतो. तिथून पुढचे २७ खंड म्हणजे हे देणं फेडणं.

पण मला सांगायची आहे ती बाजूची गोष्ट. त्या देशात इश्वल नावाच्या वाळवंटी प्रदेशातले लोक आहेत. त्यांचा देव वेगळा, डोळे लाल. एका शिपायाच्या गोळीनं त्यांचं एक मूल मरतं, बंड होतं, आणि शेवटी सरकार किमयागारांना पाठवून त्यांची वस्तीच्या वस्ती संपवतं. त्यातून वाचलेला एक जण, ज्याला सगळे स्कार म्हणतात, सूड म्हणून एकेका किमयागाराला मारत सुटतो. वाचक त्याच्या बाजूला झुकायला लागतो. तेवढ्यात कळतं की युद्धात जखमी होऊन शुद्धीवर आल्यावर त्यानं समोरच्या डॉक्टर नवरा-बायकोला मारलं होतं. ते दोघं शत्रूच्या देशातले, पण इश्वली जखमींवरच उपचार करत होते. त्याचा जीव त्यांनीच वाचवला होता. आणि त्यांची मुलगी विन्री ही एडवर्डची लहानपणापासूनची मैत्रीण.

विन्रीला हे समजतं तेव्हा ती पिस्तूल उचलते. तिच्यानं चाप ओढवत नाही. बऱ्याच पुढं ती पुन्हा स्कारसमोर येते. त्याच्या हातातून रक्त वाहत असतं. ती त्याची जखम बांधते. आणि बांधताना स्पष्ट सांगते की मी तुला माफ केलेलं नाही. माझे आई-बाप इथं असते तर त्यांनी हेच केलं असतं.

हे पान मी किती वेळा उलटून बघितलं! चित्रात काही नाटकी नाही. माफी नाही, मिठी नाही, पट्टी बांधली जाते एवढंच. पुढं तो स्कार सूड सोडून आपल्या लोकांना पुन्हा वसवायच्या कामाला लागतो. तो मनानं कधी वळला, त्याचं एक पान दाखवता येत नाही. पण पट्टीच्या आधीचा स्कार आणि नंतरचा स्कार यांत फरक आहे. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो तेव्हा कुणाची बाजू घ्यायची ते आडनाव बघून ठरवतो. अराकावांनी आडनाव बघायला सवडच ठेवली नाही. होक्काइदोत वसायला गेलेल्या आपल्या पूर्वजांनी तिथल्या मूळच्या ऐनू लोकांच्या जमिनी घेतल्या, हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. ते त्यांच्या लेखणीखाली सतत असावं.

याच कथेवरून कथानक आणि स्वभाव यांचं नातं कसं असतं तेही दिसतं. मांगा चालू असतानाच २००३ साली तिच्यावर टीव्ही मालिका निघाली. मालिका मूळ कथेच्या पुढं पळाली आणि तिनं आपला वेगळा रस्ता धरला. त्या मालिकेत डॉक्टर नवरा-बायकोला स्कार मारत नाही. रॉय मस्टँग हा अधिकारी वरच्या हुकुमावरून मारतो. घटना तीच, मारणारा बदलला. लगेच स्कार हा निराळा माणूस झाला आणि मस्टँगच्या सगळ्या हसण्या-बोलण्यावर सावली पडली. २००९ साली मूळ मांगाला धरून दुसरी मालिका आली, तिच्यात पुन्हा स्कारच मारतो. स्वभाव आधी आणि घटना मागून, की उलट, यावर आम्ही कॉलेजात रात्र रात्र वाद घालायचो. एक खून एका माणसाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात टाकून बघा, उत्तर मिळतं.

आता व्हिडिओ गेम. माझ्या मनात सर्वांत जास्त अढी याबद्दल होती. नव्वदच्या दशकात आमच्या गावातही गेम पार्लरं निघाली होती, आणि तिथं पोरं फी भरायचे पैसे उडवतात एवढंच मला माहीत होतं. तिथं तोंड उघडमीट करत ठिपके खाणारा पिवळा गोळा असायचा, पॅक-मॅन. १९८० साली तोरू इवातानी यांनी तो केला. त्याच्या मागं चार भुतं लागतात. धाकट्यानं मला सांगितलं तेव्हा मी चाट पडलो, की चौघांची चाल वेगवेगळी आहे. लाल भूत सरळ पाठलाग करतं. गुलाबी भूत तुम्ही जाणार त्याच्या चार घरं पुढं जाऊन आडवं येतं. निळ्याचा काही भरवसा नाही. आणि नारिंगी भूत अंगावर धावून येतं नि जवळ आलं की घाबरून कोपऱ्यात पळतं. जपानीत त्यांची नावंही याच अर्थाची आहेत, पाठलाग्या, दबा धरणारा, लहरी, वेड पांघरणारा. चेहरे सारखे, संवाद नाहीत, तरी चार स्वभाव. अशी चार माणसं प्रत्येक कचेरीत सापडतील.

पण स्वभाव असणं वेगळं आणि बदलणं वेगळं. तिथं धाकट्यानं मला फुमितो उएदा यांचे दोन गेम दाखवले. जुनं, सेकंडहँड प्लेस्टेशन त्यानं शिकवणीच्या पैशातून घेतलं आहे, हेही मला तेव्हाच कळलं.

पहिला २००१ सालचा ‘इको’. डोक्यावर शिंगं असलेला मुलगा, गावानं अपशकुनी म्हणून एका किल्ल्यात सोडलेला. तिथं त्याला योर्डा नावाची फिकट, उजळ मुलगी सापडते. एकमेकांची भाषा दोघांना कळत नाही. तिचं बोलणं पडद्यावर अनोळखी खुणांत उमटतं. तिला घेऊन किल्ल्याबाहेर पडायचं. आणि तिचा हात धरायला कंट्रोलरवर एक बटण आहे. ते दाबून ठेवलं की हात धरलेला, सोडलं की सुटला. सुटली की काळ्या सावल्या येऊन तिला जमिनीतल्या खड्ड्यात ओढायला लागतात. जिथं खेळ जपून ठेवायचा असतो तिथं एक दगडी बाक असतो. दोघं त्यावर शेजारी शेजारी बसतात. एवढंच.

मी बटण दाबून बसलो होतो. अर्ध्या तासानं बोट दुखायला लागलं, तरी सोडवेना. आता यात पात्राचा विकास कुठं आहे? पुढं एक पूल येतो. दोघं पळत असतात आणि पूल मधोमध दुभंगतो. तोवर दर वेळी तुम्ही तिला ओढलेलं असतं, उड्या मारायला लावलेलं असतं. आता तुम्ही दरीवरून झेप घेता आणि ती वाकून तुमचा हात पकडते. तासन् तास दाबलेल्या त्या बटणाचं उत्तर पलीकडून येतं. मुलगी बदलली आहे हे कुठलाही निवेदक सांगत नाही.

दुसरा २००५ सालचा ‘शॅडो ऑफ द कोलोसस’. एक तरुण मेलेल्या मुलीला घोड्यावर घालून एका ओसाड मुलखात आणतो. तिला उठवायचं तर १६ महाकाय प्राणी मारायचे. मधे दुसरा कुणी शत्रू नाही. नुसतं गवत, वारा आणि घोड्याच्या टापा. उएदांची पद्धतच अशी, की जे नको ते काढत जायचं. आम्ही कविता दुरुस्त करतो तशी. पहिला प्राणी मेला तेव्हा मला वाटलं आता तुताऱ्या वाजतील. वाजलं ते मातमसारखं संगीत. तो प्राणी आपल्या वाटेला आलाही नव्हता. त्याच्या अंगातून काळे दोर निघून तरुणाच्या छातीत शिरले. दर वधानंतर हेच. तरुणाचा चेहरा हळूहळू मळत जातो, कातडी उतरते. सहाव्या-सातव्या प्राण्यानंतर मी म्हटलं, ‘‘बस झालं, नको मारूस.’’ धाकटा म्हणाला, ‘‘मग खेळ बंद करावा लागेल, अब्बा. बाकी काही करता येत नाही यात.’’

कादंबरीत नायकानं खून केला तर मी त्याला नावं ठेवून पान उलटतो. इथं तलवार मी खुपसली होती. तो बंद करायचाही मार्ग होता, बटण होतं, वीज होती, आणि तरी मला पुढं काय होतं ते बघायचं होतं. कोयोटी कड्यावरून आपल्याकडं का बघतो ते मला तेव्हा नीट कळलं. पात्रात जो बदल व्हायचा तो खेळणाऱ्याच्या मनात होतो, ही या खेळांची खरी नवी गोष्ट आहे. सगळ्या खेळांत हे नसतं. बहुतेकांत गोळीबारच असतो आणि गोष्ट तोंडी लावण्यापुरती. तशीच बहुतेक कादंबऱ्यांतही नसतेच की.

गेल्या ईदच्या पंधरा दिवस आधी मी भावाच्या दुकानात गेलो. पाठ केलेलं सगळं विसरलो. तो मशीनवर होता. त्यानं चष्म्यावरून बघितलं, मशीन थांबवलं, गळ्यातली टेप काढली आणि माझी छाती, खांदा, बाही मोजायला लागला. मापं वहीत लिहिली. ‘‘पोट सुटलंय तुझं,’’ म्हणाला. मग चहा सांगितला. हिशेबाबद्दल मीच बोललो, दुसऱ्या खेपेला. तो ऐकत होता आणि काज करत होता. अजून तो आमच्या घरी आलेला नाही.

धाकट्यानं ‘इको’ पुन्हा सुरू केला आहे. काही आवृत्त्यांत अशी सोय आहे की एकदा खेळ पुरा केला की दुसऱ्या वेळी योर्डाच्या बोलण्याचा अर्थ पडद्यावर वाचता येतो. त्या शिंगवाल्या पोराला मात्र ती काय म्हणते ते दुसऱ्या वेळीही कळत नाही. तो आपला हात धरून चालतो.